शीड आणि सोलं

मागचे दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. देवगडला घरी गेलो होतो, आणि आमच्या वाडीत मोबाईलला रेंज हवी असेल तर विहिरीच्या कठड्याजवळ जाऊन उभं राहावं लागतं. तिथे उभं राहून लेख कोण लिहिणार!

मे महिना म्हणजे आमच्याकडे कोकमांचा. आजीने अंगणात सोलं वाळत घातली होती. (सोलं म्हणजे कोकमाची साल, रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवलेली. घाटावर तुम्ही आमसुलं म्हणता तीच.) दरवर्षी ती जुन्या साडीवर नाहीतर ताडपत्रीवर असतात. या वर्षी मात्र एका पांढऱ्या, जाडसर, तिकोनी कापडावर होती. कोपऱ्यांना पितळी कड्या, कडेला दोरी शिवलेली. हे कापड सात चौरस मीटर आहे, हे मला नक्की माहीत आहे, कारण ते स्वीडनहून मीच आणलंय. ते एका होडीचं पुढचं शीड आहे. आजची गोष्ट त्याचीच.

२०२२ च्या हिवाळ्यात कंपनीने मला ऑनसाईटला गॉथेनबर्गला पाठवलं. दुपारी साडेतीनला अंधार, हॉटेलची मॅगी, रविवारी घरी व्हिडिओ कॉल, हे सगळं ऑनसाईट पुराण तुम्हाला पाठ असेल, ते पुन्हा लावत नाही. क्लायंटच्या ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर एक पासष्टीचा गृहस्थ बसायचा. निवृत्तीला थोडे महिने उरलेले. मोजकं बोलायचा. तिकडे साहेबालाही 'तू'च म्हणतात, म्हणून इथेही मी त्याच्याबद्दल अरेतुरेतच लिहितोय, राग मानू नका. मनातल्या मनात मी त्याचं नाव नाखवा ठेवलं होतं.

एकदा कॉफी पिताना त्याने विचारलं, "तू भारतात कुठला?" मी नेहमीचं उत्तर दिलं, मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रकाठचा. त्याचे डोळे एकदम चमकले. म्हणाला, "सुहेली!" मला वाटलं एखाद्या भारतीय पदार्थाचं नाव चुकीचं घेतोय. मग त्याने सांगितलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या इंग्रज माणसाने १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. त्याची बत्तीस फुटी होडी सुहेली ही मुंबईत बांधलेली, सागवानाची. मी इंजिनिअर, वर कोकणातला, आणि हे मला एका स्वीडिश म्हाताऱ्याकडून कळावं! लाज वाटली. लाज लपवायला मी बोलून गेलो, "माझ्या आजोबांचाही शिडाचा मचवा होता."

झालं. एप्रिलमधल्या पहिल्या शनिवारी मी हातमोजे घालून त्याच्या होडीचं बूड खरवडत होतो.

तिकडे ऑक्टोबरात होड्या पाण्याबाहेर काढतात आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा सोडतात. मधले सहा महिने त्या ताडपत्रीखाली, लाकडी ठोकळ्यांवर उभ्या. नाखव्याची होडी १९५६ सालची. म्हणजे माझ्या बाबांपेक्षा मोठी. जात फोल्कबोट, म्हणजे लोकांची होडी. लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर. आत चौघांना झोपता येतं, पण ताठ उभं राहता येत नाही. बाजूच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या, कौलांसारख्या, आणि तांब्याच्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या. एकूण वजन दोन टनांच्या जरा आत, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन तळाच्या लोखंडी कण्यात. लहान मुलांची ती बाहुली असते ना, कितीही पाडली तरी उठून बसणारी, तेच तत्त्व.

या होडीच्या जन्माची कथा आमच्या धंद्यातल्या माणसाला फार ओळखीची वाटेल. १९४१ साली, बाहेर महायुद्ध चालू असताना, स्कँडिनेव्हियातल्या शिडाच्या होड्यांच्या संघटनेने स्पर्धा जाहीर केली. साध्या पगारदार माणसाला परवडेल, सुट्टीत बायकामुलांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरता येईल आणि शर्यतही करता येईल अशी होडी काढून दाखवा. पन्नासहून जास्त आराखडे आले. समितीला एकही पुरता पसंत पडला नाही. मग समितीने काय करावं? चांगल्या आराखड्यांतल्या चांगल्या गोष्टी निवडल्या आणि त्या एकत्र करून द्यायचं काम टूर्ड सुंदेन नावाच्या माणसाकडे दिलं. स्वेन सालेन या जहाजमालकाने पाठबळ दिलं. १९४२ च्या एप्रिलमध्ये गॉथेनबर्गलाच पहिली फोल्कबोट पाण्यात उतरली.

समितीने केलेलं डिझाईन! माझ्या अनुभवात अशा डिझाईनमधून जे बाहेर येतं ते पहिल्याच डेमोला बुडतं. पण ही बुडाली नाही. तिच्या पुढे हजारोंनी होड्या झाल्या. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मापं त्यांनी गोठवून टाकली. शीड किती, डोलकाठी किती, वजन किती, सगळं नियमात बांधलेलं. १९७० च्या दशकात फायबरग्लास आलं, तेव्हा नव्या होडीच्या साच्यातसुद्धा एकीवर एक चढवलेल्या फळ्यांचा आकार तसाच ठेवला. फायबरला फळ्या कशाला हव्यात? तर जुनी लाकडी होडी आणि नवी फायबरची होडी एकाच शर्यतीत बरोबरीने धावावी म्हणून. याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. आम्ही दोन वर्षांपूर्वीचा कोड उघडायला घाबरतो, आणि इथे १९४२ ची व्हर्जन अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे :-)

आता शिडांबद्दल थोडं. फोल्कबोटीला दोनच शिडं. मागचं मोठं सतरा चौरस मीटर, पुढचं लहान सात, त्याला जिब म्हणतात. सतरा चौरस मीटर म्हणजे पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल, बारा बाय पंधरा. तो हॉल उभा करून डोलकाठीला बांधा आणि वाऱ्यात धरा, म्हणजे काय ताकद असेल ते कळेल. याच सालेनने १९२० च्या दशकात जेनोआ नावाचं भलंमोठं पुढचं शीड लोकप्रिय केलं असं म्हणतात. पण त्याच्याच पाठबळाच्या या होडीला शर्यतीत ते चालत नाही. दोन शिडं, बास.

माझी समजूत अशी की शिडात वारा मागून भरतो आणि होडी पुढे ढकलली जाते. ते फक्त वारा मागून असेल तेव्हा. वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तेव्हा शीड म्हणजे विमानाचा उभा केलेला पंख. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वळून जातो, एका बाजूला दाब कमी होतो, आणि होडी तिकडे ओढली जाते. खालचा लोखंडी कणा तिला आडवी सरकू देत नाही, त्यामुळे ती पुढेच निघते. अगदी वाऱ्याच्या नाकासमोर मात्र कुठलीच होडी जात नाही. साधारण पंचेचाळीस अंश सोडून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जायचं.

पंखाला बाक हवा, मग सपाट कापडाला बाक येतो कुठून? हे मला नाखव्याने जिब गवतावर पसरून दाखवलं. शीड एका कापडाचं नसतं, पट्टे जोडून शिवलेलं असतं, आणि पट्ट्यांच्या कडा सरळ न कापता किंचित गोलसर कापतात. अशा दोन कडा जोडल्या की कापडाला पोट येतं. शिंपी ब्लाउजला टक घालतो तसंच. आजीला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय, माका ठाऊक आसा."

पूर्वी ही शिडं सुती असायची. ओली ठेवली की बुरशी, ओढली की ताणून आकार बिघडला. १९५० च्या दशकात पॉलिस्टरचं कापड आलं आणि ती कटकट संपली. जिबच्या पुढच्या कडेपाशी दोन्ही बाजूंना लोकरीचे छोटे धागे लावलेले असतात. दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे उडत असले की शीड बरोबर लागलंय. एका बाजूचा थरथरला की दोरी ओढा, सोडा, नाहीतर सुकाणू वळवा. हा म्हणजे डॅशबोर्डच! मी खूष. पहिला पूर्ण उन्हाळा मी समुद्राकडे बघितलंच नाही, त्या धाग्यांकडे बघत बसलो.

मग ऑगस्टातला तो रविवार आला. आम्ही दक्षिणेकडच्या बेटांमधून व्रोंगोच्या पलीकडे गेलो होतो. अंदाज सेकंदाला आठ-नऊ मीटर वाऱ्याचा होता, तो बाराच्या वर गेला. होडी इतकी कलली की खालच्या बाजूची कड पाण्यातून जायला लागली. नाखवा शांत. म्हणाला, "मोठं शीड आखडून घेऊ या." म्हणजे मोठं शीड थोडं खाली उतरवायचं, खालचा भाग गुंडाळून बांधून टाकायचा, तेवढाच वाऱ्याला कमी. मी म्हटलं, "अजून पाच मिनिटं बघू या ना, छान चाललीय." ही माझी ऑफिसातलीही सवय. काम अंगावर यायला लागलं तरी कुणाला सांगायचं नाही, अजून पाच मिनिटं, अजून एक रात्र. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शीड कमी करायचं पहिल्यांदा मनात येतं ना, तीच त्याची वेळ. नंतर हात मोकळे नसतात."

ते त्याचं बोलणं संपतंय तोवर होडी वळवायची वेळ आली. मी जिबची दोरी सोडायला उशीर केला, मग घाबरून पुरती सोडून दिली. मोकळं जिब वेडंपिसं फडफडलं. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय कळणार नाही, पत्र्यावर कुणीतरी काठ्या मारतंय असं वाटतं. दोरीचं टोक सपकन माझ्या तोंडावर आलं आणि माझा चष्मा कॅटेगॅटच्या समुद्रात गेला.

उणे साडेपाच नंबर. मला समोरचा नाखवासुद्धा फक्त नारिंगी डाग दिसत होता. शीड आखडायला तर त्यालाच डोलकाठीपाशी जावं लागणार होतं, म्हणजे सुकाणूवर मी. मी ओरडलो, "मला धागे दिसत नाहीयेत!" तो ओरडला, "मला पण वयामुळे दिसत नाहीत. मानेवर वारा लागतोय ना? कुठे लागतोय ते बघ."

मी डोळे मिटूनच घेतले, नाहीतरी उपयोग नव्हता. डाव्या कानामागे वारा. सुकाणूचा दांडा हाताला ओढ देत होता, शीड जास्त भरलं की जास्त, कमी भरलं की कमी. पाच-सात मिनिटं असेल, मी नुसत्या मानेवर आणि तळहातावर ती होडी धरून ठेवली. शीड आखडून झालं तशी ती सरळ झाली, आणि गंमत म्हणजे वेग काही कमी झाला नाही.

त्या वेळी मला आजोबा आठवले. ते आता नव्वदीत आहेत, मोतीबिंदूमुळे जेमतेम दिसतं. तरी सकाळी पडवीत बसून सांगतात, आज मतलय पडलो, खारो वारो दुपारपर्यंत येवचो नाय. लहानपणी मला ती म्हाताऱ्या माणसाची बडबड वाटायची.

त्यांचा मचवा मी पाहिलेला नाही. कौलं, मीठ घेऊन मुंबईपर्यंत जायचा. रस्ते झाले, ट्रक आले, मालाला ट्रक स्वस्त पडायला लागला, आणि १९७० च्या दशकात कधीतरी त्यांनी तो विकला. ज्याने घेतला त्याने फळ्यांसाठी घेतला. शीड ज्यावर बांधतात ती लांब काठी, परबाण, तेवढी आजोबांनी ठेवून घेतली. तिचा एक तुकडा अजून आमच्या गोठ्याचं आढं आहे. मचवा विकला त्या रात्री ते जेवले नाहीत, हे आजीकडून कळलं. त्यांनी स्वतः हा विषय कधी काढलेला नाही.

असो. २०२४ च्या उन्हाळ्यात नाखव्याचे गुडघे संपले. सप्टेंबरात एकदा धक्क्यावर बसून खारवलेला मासा आणि बटाटे खाताना तो म्हणाला, "होडी तू घे. एक क्रोना दे." थट्टा नव्हती. लाकडी होड्यांना तिकडे गिऱ्हाईक कमी. होडी फुकट मिळते, ती सांभाळणं महाग. दर वसंतात खरवडणं, रंग, वॉर्निश, जागेचं भाडं. लाकडी होडी फार दिवस कोरड्यात राहिली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. पाण्यात सोडल्यावर दोन-चार दिवस गळते, मग लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि बंद होते. पण दोन-तीन वर्षं कुणी हात लावला नाही, तर ती गेलीच समजा.

मी घरी येऊन एक्सेल शीट केली. (आमच्या जातीचा माणूस दुसरं काय करणार?) परवाना ऑक्टोबरमध्ये संपत होता, मुदतवाढ मिळणार नव्हती. पुण्यात घराचे हप्ते. सगळे रकाने भरले, उत्तर आलं 'नाही'. उत्तर बरोबरच होतं. पण शीट बंद करताना असं वाटलं की आजोबांनीही १९७० च्या दशकात मनातल्या मनात हाच हिशेब केला असेल, आणि त्यांचंही उत्तर बरोबरच आलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्याला नाही म्हणालो. तो रागावला नाही. "तुझ्या जागी मीही हेच केलं असतं," एवढंच. निघायच्या आदल्या दिवशी घरी आला आणि एक निळी पिशवी हातात ठेवली. जुनं जिब. "आजोबांना दाखव," म्हणाला.

गावी आल्यावर आजोबांना दाखवलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं. आधी कोपरे चाचपले, कडीभोवतीची शिवण नखाने ओढून बघितली, मग पट्ट्यांच्या जोडावरून बोट फिरवत गेले. नाकाला लावलं. "ह्येका वास नाय रे," म्हणाले. सुती शिडाला वास असणार, मला काय माहीत. बराच वेळ गप्प बसले आणि मग मला म्हणाले, "शीड हाडलंस, आनि होडी खंय आसा?"

मला काही उत्तर देता आलं नाही. मी पुण्याला परत आलो. शीड पेटीत राहिलं, आणि या वर्षी ताडपत्री फाटली तेव्हा आजीने ते व्यवहारी माणसासारखं कामाला लावलं.

आता यातला शेवटचा भाग. परवा विहिरीच्या कठड्याजवळ उभा असताना मेल आला. नाखव्याचा, दीड वर्षानंतर. मधल्या काळात मीही लिहिलं नव्हतं, धीर होत नव्हता. होडी ताडपत्रीखाली सडतेय असं वाचायची भीती. मेल तीन ओळींचा होता. होडी एका विशीतल्या मुलीने घेतली. तिने सगळा हिवाळा खरवडकाम केलं, गेल्या आठवड्यात होडी पाण्यात उतरली, तीन दिवस गळली आणि बंद झाली. आणि तिसरी ओळ अशी की तिच्याकडे सरावाला जुनं जिब नाही, तू नेलेलं परत पाठवता येईल का? माप तर तेच आहे.

माप तर तेच आहे! १९४२ पासून कुणी मोह आवरला नसता, दर दहा वर्षांनी 'सुधारणा' केल्या असत्या, तर माझ्याकडचं हे कापड आज खरोखरच सोलं वाळवण्यापुरतं उरलं असतं. तो मेल वाचून खरंच बरं वाटलं. आणि, इथे खोटं कशाला लिहू, पोटात खड्डाही पडला. ती मुलगी मी असू शकलो असतो. एक क्रोना तर होता माझ्याकडे.

आजोबांना जाऊन सांगितलं, होडी पाण्यात आहे. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, मग मान हलवली. आजीने सोलं सुपात काढली आणि शीड विहिरीवर नेऊन दोनदा धुतलं. कोकमाचा डाग कसला जातोय! मधोमध जांभळट लाल ठिपके राहिले आहेत ते आहेत. आमच्या टीममधला एक जण पुढच्या महिन्यात गॉथेनबर्गला जातोय, त्याच्या बॅगेत दोन किलोची जागा मागून ठेवली आहे. सोबत आजीने अर्धा किलो सोलंही बांधून दिली आहेत, त्यांचं काय करायचं ते नाखव्याला मेलवर समजावून सांगावं लागेल.

आणि मला आजीने काम सांगितलंय. पुढच्या खेपेला येताना ताडपत्री आण, चांगली, सहा बाय आठची. "आनि ती आपलीच आसांदे," म्हणाली, "परत मागणाऱ्याची नको."